चार सूत बोल्टचे आटे परत परत जातायत? भोकाला दोष द्यायच्या आधी बोल्ट बघा

जुना ट्रॅक्टर ज्याच्या दारात आहे त्याला हा त्रास नवा नाही. बोल्ट आवळला, चार दिवसांनी परत ढिला. परत आवळायला गेलो तर पाना नुसताच गरागरा फिरतोय, म्हणजे आटे गेले. मग टॅप मारून भोकात नवे आटे पाडायचे, नवीन बोल्ट घालायचा, महिनाभर बरं चालतं आणि परत तेच रडगाणं. आमच्याकडं एकाच भोकाला हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा कळालं की भोकाची काही चूक नव्हती, आम्हीच दर वेळी चुकीचा बोल्ट घालून त्याची वाट लावत होतो.

ट्रॅक्टर मॅसी १०३५, तात्यांनी म्हणजे माझ्या चुलत्यांनी घेतलेला, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीचा. आम्ही मोहोळ तालुक्यातले, ऊस आणि ज्वारी, सीझनला ट्रॉली जोडून कारखान्याच्या खेपा. ट्रॉलीच्या हुकाचा ब्रॅकेट मागच्या हाऊसिंगला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ओतीव लोखंडाच्या पेटीला, बोल्टनं आवळलेला आहे त्यातला डाव्या अंगाचा खालचा बोल्ट हा आमचा दुखणेकरी. आमच्या ट्रॅक्टरवर तो चार सूत म्हणजे अर्धा इंची आहे, तुमच्यावर वेगळा असू शकतो, मोजून घ्या.

बोल्ट हलायला लागलाय हे पाना लावायच्या आधी कळतं. ब्रॅकेट जिथं हाऊसिंगला टेकतो त्या कडेला गंजासारखी तांबडी भुकटी दिसायला लागते. दोन लोखंडं एकमेकांवर घासतायत त्याची ती भुकटी, नुसता वरचा गंज नाही. दुसरी खूण म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली माती, कारण आमचं हे भोक आरपार हाऊसिंगच्या आत उघडतं आणि आटे सैल झाले की त्यातनं तेल झिरपतं. तात्या तो डाग दोन वर्षं फडक्यानं पुसत होते आणि म्हणायचे जुना ट्रॅक्टर म्हटल्यावर एवढं चालायचंच.

पहिल्यांदा बोल्ट निघाला तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन चार सूत बोल्ट दोन इंची असा मागितला, त्यानं दिला, घरी येऊन लावला. हातानं पाचेक फेरे छान गेला, मग घट्ट लागला. मी म्हटलं वा, आटे अजून मजबूत आहेत, पान्याला पाइप लावला आणि दाबून बसवला. लई समाधान वाटलं. तीन आठवड्यात बोल्ट हातात आला आणि त्याच्या आट्यात हाऊसिंगच्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी भुकटी भरलेली. दुसऱ्या वेळेला एका मित्राकडं १२ एमएमचा टॅप होता, चार सूत आणि बारा एमएम जवळजवळ एकच की, म्हणून तो फिरवला आणि १२ एमएमचा बोल्ट घातला. तो तर पंधरा दिवस पण टिकला नाही.

मग सोलापूरला एमआयडीसीत ओळखीचे लेथवाले आहेत, पूर्वी पॉवरलूमचे पार्ट करायचे, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले येताना त्याच ब्रॅकेटचा एक चांगला, कधीच न बदललेला बोल्ट काढून आण. तो आणि माझा दुकानातला असे दोन बोल्ट त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी काही न बोलता दोन्ही बोल्ट आट्याला आटा लावून खिडकीच्या उजेडासमोर धरले. पहिले दोन आटे एकमेकांत नीट बसले होते, तिसऱ्या चौथ्याला बारीक फट दिसायला लागली आणि सहाव्याला तर माथ्यावर माथा चढलेला. "दिसलं का? ह्यात कुठला बोल्ट घातलास बे?" मग आटे मोजायच्या पिच गेजची पानं उघडली. कंपनीचा बोल्ट इंचाला १३ आटे. माझा दुकानातला इंचाला १२.

चार सूत म्हणजे अर्धा इंच, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सगळ्यांना माहिती. पण सूत म्हणजे फक्त जाडी झाली, आटा कुठला ते त्यात येत नाही. हार्डवेअरच्या दुकानात सुतात मागितलं की बहुतेक वेळा व्हिटवर्थ आट्याचा बोल्ट हातात पडतो. व्हिटवर्थ हा इंग्लंडचा जुना आटा, १८४१ चा, त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशाचा. अमेरिकेचा आटा वेगळा होता, ६० अंशाचा. दुसऱ्या महायुद्धात दोघांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात त्यामुळं १९४८ ला इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा ह्यांनी मिळून एक आटा ठरवला, तोच यूएनसी आणि यूएनएफ. यूएनसी जाड आटा, यूएनएफ बारीक. आपले मॅसी, जुनी महिंद्रा बी-२७५, फोर्ड ३६०० ह्यांचं घराणं त्या बाजूचं म्हणून त्यांच्यावर हे आटे. एचएमटी झेटॉर मूळचा चेक आणि आयशर मूळचा जर्मन, तिकडं मिलीमीटरचा कारभार. अर्थात इतक्या वर्षात चार मेकॅनिकचे हात फिरून गेल्यावर कुठल्या भोकात काय आहे हे कंपनीच्या नावावरून ठरवू नका.

आता गंमत अशी की अडीच सूत, तीन सूत, साडेतीन सूत, पाच सूत ह्या सगळ्यात व्हिटवर्थ आणि यूएनसीचे आटे इंचाला सारखेच आहेत, १८, १६, १४ आणि ११. कोन वेगळा असल्यामुळं बसणी परफेक्ट होत नाही पण बोल्ट शेवटपर्यंत जातो. ह्या नेहमीच्या मापांमधे फक्त चार सुतालाच फरक, व्हिटवर्थ १२ आणि यूएनसी १३. म्हणून बाकी बोल्ट दुकानातले चालून जातात आणि नेमका चार सूतच सगळीकडं वांदा करतो आणि आपण म्हणतो ह्या भोकाला कुणाची नजर लागलीय.

तसाच दुसरा फसवा जोडा म्हणजे अडीच सूत आणि ८ एमएम. जाडीत फरक नावालाच, ७.९४ आणि ८. पण ८ एमएमचा आटा, म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर, सव्वा मिलीमीटरचा आणि अडीच सूत यूएनसीचा १.४१ चा. दोनतीन फेरे जातो, मग अडतो, आणि आपल्या हातात पाना असतो.

त्यामुळं माझा आता एकच नियम आहे, बोल्ट डोकं टेकेपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. बोटानं जात नाही तर थांबायचं, पाना नाही लावायचा, आधी भोक साफ करून बघायचं आणि तरी जात नसेल तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही. पिच गेज नसेल तर स्टीलची पट्टी बोल्टला लावून एका इंचात किती माथे येतात ते मोजा, १२ आणि १३ मधला फरक डोळ्यानं कळतो. एमएमचा बोल्ट असेल तर दहा आट्यांची लांबी मोजून दहानं भागा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे त्याच ट्रॅक्टरवरचा एक जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जा आणि उजेडात धरून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

बोल्टच्या डोक्यावर पण बघा. इंची बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. एमएमच्या बोल्टवर ८.८, १०.९ असं लिहिलेलं असतं. डोकं कोरं असेल तर तो साधा मऊ बोल्ट, पत्र्याच्या शेडला ठीक, हुकाला नाही. मऊ बोल्ट आवळला की ताणला जातो, पकड सोडतो, ब्रॅकेट हलायला लागतो आणि मग प्रत्येक गचक्याला बोल्ट बिडाच्या आट्यावर हातोड्यासारखा आपटतो. आटे गेल्यावर आपण बोल्टला शिव्या देतो पण तो ढिला झाला त्याच दिवशी अर्धं काम झालेलं असतं.

आता आटे गेलेच असतील तर काय. किती गेलेत त्याच्यावर आहे.

नुसते तोंडाचे एक दोन आटे चेंबले असतील किंवा आत माती, रंग, गंज भरला असेल तर लगेच टॅप घालू नका. कटिंग टॅप चांगल्या आट्याचं पण मटेरियल खरवडतो, आणि वाकडा धरला तर नवीनच आटा पाडतो. एक चांगला बरोबर आट्याचा बोल्ट घ्या, एक्सा ब्लेडनं त्याला लांबीत तीन चिरा पाडा, टोक कानशीनं थोडं निमुळतं करा, चिरांच्या कडा साफ करा, झाला साफ करायचा टॅप. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. घाण चिरांमधे येते. बोल्टचे किंवा बिनडोक्याच्या स्टडचे बाहेरचे आटे चेंबले असतील तर तिधारी कानस बारीक घ्या, तिचा कोन ६० अंशाचाच असतो त्यामुळं यूएनसी आणि एमएमच्या आट्यात ती बरोबर उतरते.

वरचे अर्धे आटे गेले आणि खालचे शाबूत असतील तर भोकात तार घालून खोली मोजा. पुष्कळदा कंपनीचा बोल्ट भोकाच्या तळापर्यंत जात नाही, खाली पाऊण इंच कोरे आटे शिल्लक असतात, तिथं लांब बोल्ट घातला की काम भागतं. बिडात बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी पकड पाहिजे, चार सुताला सहा सूत म्हणजे नऊ दहा आटे, ॲल्युमिनियमला दुप्पट. पण भोक बंद असेल तर आत तेल ठेवू नका. तेलावर बोल्ट आवळला की तेल कुठं जाणार, दाबानं बीड तडकतं, आणि मग आट्याचं दुःख विसरून जाल. कापडाची वात करून भोक कोरडं करायचं, मग बोल्ट.

पूर्ण गेले असतील तर तीन रस्ते आहेत, मोठ्या मापाचा टॅप मारणे, तारेची कॉइल बसवणे, नाहीतर आतबाहेर आटे असलेली नळी म्हणजे बुश. मोठ्या मापाचं काम सोपं दिसतं पण मग ब्रॅकेटचं भोक पण मोठं करावं लागतं, आणि उद्या परत गेलं तर अजून मोठं कुठं करणार. त्यावर लेथवर पायरीचा स्टड करून मिळतो, खाली मोठा आटा आणि वर जुनाच, तो चांगला उपाय आहे. वेल्डिंग भरून परत भोक पाडणे हा प्रकार बिडाच्या हाऊसिंगला करू नका. बीड तापून गार होताना शेजारी चिरतं आणि वेल्डिंग शेजारचा भाग इतका कडक होतो की ड्रिल घसरतं. करणारे करतात, मी केलेलं बघितलंय आणि ते हाऊसिंग भंगारात गेलेलं पण बघितलंय.

आमच्या भोकात १३ चे, १२ चे आणि १२ एमएमचे असे तीन घराण्याचे आटे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळं अण्णा म्हणाले कॉइल. हेलिकॉइल म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेल्या स्टेनलेस तारेची स्प्रिंग, बाहेरून ती नव्या मोठ्या आट्यात बसते आणि आतून जुन्याच मापाचा आटा तयार होतो. चार सूत यूएनसीला साधा टॅप मारायचा असेल तर ड्रिल पावणे अकरा एमएमच्या आसपास, पण कॉइलसाठी साडेतेरा. आणि टॅप कॉइलचाच पाहिजे, नेहमीचा नाही, तो किटमधे येतो. पूर्ण सेट घेण्यापेक्षा लागेल त्या मापाचं किट घ्या.

ड्रिल सरळ मारणं हे खरं काम. ट्रॅक्टर काही ड्रिल मशीनखाली जात नाही, हातमशीननंच मारावं लागतं. अण्णा आधी एक गोल तुकडा टर्न करून देणार होते, बाहेरून ब्रॅकेटच्या भोकात घट्ट बसणारा आणि आतून ड्रिलच्या मापाचा, पण साडेतेरा ड्रिलला भिंतच उरत नव्हती म्हणून ब्रॅकेट काढून एका जाड पट्टीत तसंच भोक पाडून ती पट्टी बाकीच्या बोल्टांवर आवळली आणि तिच्यातनं ड्रिल घातलं. दोन्ही बाजूनं गुण्या लावून बघितला. ह्याला अर्धा दिवस गेला आणि ड्रिल मारायला दोन मिनिटं.

टॅप मारताना बिडाला तेल लागत नाही, बिडातलं ग्रॅफाइटच वंगण असतं, तेल टाकलं तर भुकटीचा चिखल होतो. स्टीलला तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल. पण आमचं भोक आरपार असल्यामुळं टॅपच्या खाचांना आम्ही ग्रीस भरलं, म्हणजे भुकटी ग्रीसमधे अडकते, आणि दर दोन फेऱ्याला टॅप काढून पुसून परत ग्रीस. आधी हाऊसिंगचं तेल पण काढलं होतं, कारण लिफ्टचा पंप त्याच तेलावर चालतो, बिडाची भुकटी त्यात गेली तर आट्याची बचत पंपात जाईल.

कॉइल बसवली, वरच्या पातळीच्या अर्धा फेरा खाली. आता कॉइलला खाली एक आडवी शेपटी असते, ती धरूनच कॉइल फिरवून आत नेतात आणि मग ती तोडायची असते. बंद भोकात पंच मारून तोडली तर तळाला पडते आणि चिमट्यानं निघते. आरपार भोकात तुकडा सरळ हाऊसिंगमधे जाणार. मी म्हटलं काही हरकत नाही, लोहचुंबक आहे की आपल्याकडं. अण्णा म्हणाले स्टेनलेसला तुझं लोहचुंबक धरणार का? ते डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी लांब तोंडाच्या पकडीनं शेपटी आधी घट्ट धरली, वरखाली हलवली, टक्क करून तुटली आणि पकडीतच बाहेर आली. तळहातावर घेऊन बघितली तर तांदळाच्या दाण्याएवढी.

मग १३ आट्याचा, डोक्यावर तीन रेघांचा बोल्ट, तेल झिरपू नये म्हणून आट्याला सीलंट, आणि टॉर्क रेंचनं १०० न्यूटन मीटरच्या जवळपास. टॉर्क रेंच भाड्यानं नाहीतर ओळखीवर मिळतो, पाइप लावून अंदाजानं आवळणं मी सोडलं. दोन सीझन झाले, बाकीच्या बोल्टांबरोबर दर पंधरवड्याला पाना लावून बघतो. तांबडी भुकटी नाही.

हुक, स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकाचे स्टड ह्यांना मात्र आट्यावर सुतळी गुंडाळणे, एम-सील भरणे, पत्र्याची चकती घालणे असले प्रकार नको. उसाची भरलेली ट्रॉली मागं असते, रस्त्यावर दुसऱ्याची पोरं असतात.

ॲल्युमिनियमच्या भोकांची गोष्ट वेगळी. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा बोल्ट घ्या, तो जवळपास प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरवर गेलेला असतो. तिथं बोल्ट बहुतेक बरोबर असतो, चूक असते खालच्या तांब्याच्या वायसरची. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग डिझेल गळतं, मग आपण अजून आवळतो, परत गळतं, अजून आवळतो, आणि एक दिवस ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर स्प्रिंगसारखे बाहेर येतात. वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला की परत मऊ होतो, पाच मिनिटांचं काम, किंवा नवीन घाला, तो काही महाग नाही. टेफ्लॉन टेप तिथं लावू नका, तिचे तुकडे सुटून पुढं जातात. आटे गेलेच असतील तर इथं पण कॉइलच, ॲल्युमिनियमला ती मूळ आट्यापेक्षा टिकते.

त्या फिल्टरच्या डोक्यात बोल्ट तुटून बसला असेल तर एक जुनी युक्ती. डोकं खोलून जाळी, रबर सगळं काढा आणि तुरटीच्या दाट पाण्यात मंद उकळत ठेवा. तुरटी लोखंड खाते, ॲल्युमिनियमला हात लावत नाही. वेळ लागतो, दिवस जातो, पाणी आटलं की घालत राहावं लागतं, आणि घरातल्या भांड्यात करू नका, मी बोलणी खाल्लीयत. बोल्ट स्टेनलेसचा असेल तर उपयोग नाही.

बिडात तुटला असेल आणि थोडा वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या पोटातनं वेल्डिंग भरा, गार होऊ द्या, मग पाना. वेल्डिंगच्या उष्णतेनंच गंज सुटतो त्यामुळं निम्मं काम तिथंच होतं. तोंडाबरोबर तुटला असेल तर मधोमध पंच मारून उलट्या फेऱ्याचं ड्रिल, कधी कधी ड्रिल मारता मारताच तो फिरून बाहेर येतो. तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं ईझी आउट मात्र जपून, ते भयंकर कडक असतं, आत तुटलं तर त्याला नेहमीचं ड्रिल लागत नाही. टॅप तुटला तरी तेच. मग पार्ट खोलून एमआयडीसीत ठिणगीनं धातू खाणाऱ्या स्पार्क मशीनवर न्यावा लागतो, आणि सोलापुरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात कारागीर सापडत नाहीत हे पण धरून चाला, आमचा एक पार्ट संक्रांतीला गेला तो आठवड्यानं हातात आला.

आणि टॉप लिंकचे, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजाराला जोडणाऱ्या वरच्या, फिरवून लांबी बदलायच्या दांडीचे आटे गेले म्हणून लेथवर टाकणार असाल तर देतानाच सांगा की एक टोक डाव्या आट्याचं आणि एक उजव्या. आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं नाही, लेथवाल्यानं दोन्ही टोकं उजवीच करून दिली. आता ती लिंक कितीही फिरवली तरी लांबी तेवढीच राहते, एका बाजूनं जेवढी बाहेर तेवढीच दुसऱ्या बाजूनं आत.